लिऑन फ्लायशर: उजव्या हाताचे तीस वर्षांचे प्रकरण

१९६४ च्या सुमाराची स्थिती अशी: पियानोवादक, वय छत्तीस, कारकीर्द ऐन बहरात. तक्रार एवढीच की, वाजवताना उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका आपसूक तळहाताकडे वळतात. हाड मोडलेले नाही, सूज नाही, हात दिसायला धडधाकट. सुरुवातीला तर फक्त बोटे जरा जड वाटत होती. वर्षभराच्या आत ती इतकी मुडपू लागली की दोन हातांनी कार्यक्रम करणे अशक्य झाले. या आजाराचे बरोबर नाव कळून उपयोगी उपचार सुरू व्हायला त्यापुढे जवळजवळ तीस वर्षे गेली.

लिऑन फ्लायशर हे नाव पाश्चात्त्य संगीत ऐकणाऱ्यांना माहीत असते ते बहुधा ‘डावा हातवाला पियानिस्ट’ म्हणून. त्यांची गोष्ट सांगायची ठरलेली तऱ्हा म्हणजे आधी शोकांतिका आणि मग बोटॉक्सचा, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनचा, चमत्कार. ती सोयीची आहे, पण अर्धवट आहे. हे प्रकरण नीट पाहिले तर बराच काळ उपचार हातावर होत राहिले आणि बिघाड होता मेंदूत, हे त्यातले खरे शिकण्यासारखे. दुसरे म्हणजे, उजवा हात बंद असतानाही त्यांची कारकीर्द चालू राहिली, तीही कोणाच्या मेहेरबानीने नव्हे.

हात कसा घडला

जन्म २३ जुलै १९२८, सॅन फ्रान्सिस्को. आईवडील पूर्व युरोपातून आलेले ज्यू स्थलांतरित, वडिलांचा धंदा टोप्यांचा. पियानो चौथ्या वर्षी सुरू झाला. नवव्या वर्षी नामांकित पियानोवादक आर्टुर श्नाबेल यांनी शिष्य म्हणून घेतले आणि १९३८ मध्ये मुलगा इटलीतल्या कोमो सरोवराकाठी त्यांच्याकडे तालमीला गेला. लहान मुलांना शिकवायचे नाही, हा श्नाबेल यांचा शिरस्ता. तो इथे मोडला. श्नाबेल हे लेशेटिट्स्कींचे शिष्य, लेशेटिट्स्की चेर्नींचे, आणि चेर्नी थेट बेटहोव्हनचे. आपल्याकडे घराण्याची वंशावळ सांगतात तशीच ही सांगितली जाते, आणि फ्लायशरही ती सांगत.

१९४४ मध्ये, सोळाव्या वर्षी, पिएर माँत्यू यांच्या संचालनाखाली न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर त्यांनी ब्राम्सचा पहिला, डी मायनर कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांची मोठी रचना) वाजवला. ही निवड लक्षात ठेवावी. हा कॉन्चेर्टो पाऊण तासाचा, आणि त्याच्या पहिल्याच भागात उजव्या हाताचे सप्तकी ट्रिल येतात: एका बाजूला अंगठा आणि दुसऱ्या बाजूला करंगळी किंवा अनामिका ताणून दोन लगतचे स्वर झपाट्याने आलटून पालटून हाणायचे, तेही पूर्ण ऑर्केस्ट्राच्या वर ऐकू जातील इतक्या जोरात. ताण नेमका कुठे पडतो, तर हाताच्या बाहेरच्या कडेवर. जी दोन बोटे पुढे वीस वर्षांनी बंड करून उठली, तीच ही.

१९५२ मध्ये ब्रसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा त्यांनी जिंकली. ती जिंकणारे ते पहिले अमेरिकन. पुढच्या दशकात संचालक जॉर्ज सेल आणि क्लीव्हलँड ऑर्केस्ट्रा यांच्याबरोबर बेटहोव्हनचे पाचही कॉन्चेर्टो, ब्राम्सचे दोन्ही, शिवाय शूमन, ग्रीग, मोझार्ट, फ्रांक आणि राखमानिनोव्ह यांची ध्वनिमुद्रणे झाली. बेटहोव्हन आणि ब्राम्सची ती मुद्रणे आजही दुकानात मिळतात. १९५९ पासून बाल्टिमोरच्या पीबॉडी कॉन्झर्व्हेटरीत शिकवणेही सुरू होते. म्हणजे आजार होण्याआधीच शिकवण्याचा पाय घट्ट रोवलेला होता. पुढे त्यानेच त्यांना तारले.

बिघाड

आधी एक छोटा अपघात झाला. बागेतल्या फर्निचरवर उजवा अंगठा कापला, टाके घालावे लागले. जखम भरली, पण वाजवताना हात पूर्वीसारखा वाटेना. अंगठ्याची जखम आणि करंगळीचे मुडपणे यांचा थेट संबंध जोडणे अवघड असले, तरी एक दुवा शक्य आहे. दुखापतीनंतर वादक नकळत बोटांची ठेवण बदलतो आणि त्या बदललेल्या ठेवणीनेच तासन्‌तास सराव करतो. डिस्टोनियाच्या, म्हणजे स्नायू आपसूक आवळण्याच्या या आजाराच्या, अनेक रुग्णांच्या इतिहासात असा मामुली अपघात, शिक्षक बदलणे किंवा तंत्र बदलणे सापडते.

यावर फ्लायशर यांनी केले ते कोणत्याही कसलेल्या वादकाने केले असते तेच. सराव वाढवला. दिवसाला सात-आठ तास, हात थकला तरी रेटून. इथेच घोडे पेंड खाते. रियाझाचे तास अभिमानाने मोजणाऱ्या आपल्या मंडळींना हे रुचणार नाही, पण या आजारात सराव हे औषध नसून इंधन आहे.

निर्णायक घाव १९६५ च्या वसंतात बसला. क्लीव्हलँड ऑर्केस्ट्राचा सोव्हिएत युनियन आणि युरोपचा मोठा दौरा ठरला होता, आणि फ्लायशर त्यात मोझार्टचा सी मेजर कॉन्चेर्टो, के. ५०३, वाजवणार होते. दौऱ्याआधीच्या कार्यक्रमात सेल यांनी हात ऐकला आणि त्यांना दौऱ्यावर नेता येणार नाही, असे सांगितले. तिथे दोन हातांची कारकीर्द थांबली. नंतरच्या काळात आत्महत्येचे विचार मनात आले होते, हे त्यांनी स्वतः उघडपणे सांगितलेले आहे.

नेमके काय बिघडते

एक प्रयोग करून पाहा. तळहात टेबलावर पालथा ठेवा, मधले बोट मुडपून तळव्याखाली घ्या, आणि बाकीची बोटे टेकलेली ठेवून एकेक उचला. अंगठा, तर्जनी, करंगळी उचलली जातात. अनामिका हलत नाही. बोटे सरळ करणारे कंडरे हाताच्या पाठीवर आडव्या पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेले असतात, आणि अनामिका त्यात सर्वांत जास्त बांधलेली. पियानोवादक आयुष्यभर हे बंधन सरावाने झाकत असतो. पियानोची पट्टी जेमतेम १० मिलिमीटर खाली जाते आणि ती दाबायला साधारण ५० ग्रॅम वजन पुरते. जोराचा प्रश्न नसतोच. प्रश्न असतो तो प्रत्येक बोट वेगळे, वेळेवर आणि हव्या त्या वेगाने खाली जाण्याचा.

हे वेगळेपण ठेवतो मेंदू. संवेदना टिपणाऱ्या मेंदूच्या भागात प्रत्येक बोटाची आपली जागा असते. वर्षानुवर्षे दोन-तीन बोटे अतिवेगाने आणि जवळजवळ एकाच वेळी वापरली की या जागा एकमेकींत मिसळू लागतात. डिस्टोनिया झालेल्या वादकांच्या तपासण्यांत ते दिसून आलेले आहे. मग एका बोटाला दिलेला हुकूम शेजारच्या बोटालाही जातो. बोट वाकवणारे आणि सरळ करणारे असे दोन्ही स्नायू एकदमच आवळतात. बोट मुडपते, ते सावरायला शेजारचे बोट ताठ होते, आणि ही सावरासावरही सरावाने पक्की होत जाते. यालाच फोकल डिस्टोनिया म्हणतात. कारकुनांचा हात लिहिताना अडकतो तो ‘रायटर्स क्रॅम्प’ याच घरातला. व्यावसायिक वादकांत शंभरात सुमारे एकाला हा त्रास होतो, असा सर्वसाधारण अंदाज आहे. पियानोवादकांत बहुधा उजवाच हात धरला जातो आणि त्यात बहुधा चौथे-पाचवे बोट, कारण पियानोच्या बहुतेक संगीतात वरची चाल उजव्या करंगळीकडे असते.

या आजाराची खोड अशी की तो कामापुरता येतो. निदान सुरुवातीला तरी तोच हात टेबलावर नीट चालतो, पियानोवर अडतो. डॉक्टर तपासतात टेबलावर. क्ष-किरण स्वच्छ, मज्जातंतूंच्या चाचण्या ठीक. मग ‘मनाचे आहे’ हा शेरा बसायला वेळ लागत नाही.

तीस वर्षांचे उपचार

फ्लायशर यांनी केलेल्या उपायांची यादी लांबलचक आहे. एल-डोपा हे पार्किन्सनवरचे औषध, बधिर करणाऱ्या लिडोकेनची इंजेक्शने, विजेचे झटके, मानसोपचार, संमोहन, अ‍ॅक्युपंक्चर, मसाज, झेन. यातले बरेचसे आज वाचताना हसू येते, पण त्या काळी वादकांचे आजार हे वैद्यकाचे वेगळे क्षेत्रच नव्हते. ते अमेरिकेत उभे राहू लागले १९८० च्या आसपास, आणि त्याचे एक कारण फ्लायशर आणि त्यांचे समकालीन पियानोवादक गॅरी ग्राफमन यांनी आपले दुखणे जाहीर केले हे होते. ग्राफमन यांनाही उजव्याच हाताचा त्रास होता. तोवर वादक असली गोष्ट लपवत. कळले तर कार्यक्रम जातील ही भीती. ती खोटीही नव्हती.

१९८१ मध्ये कार्पल टनेल सिंड्रोमचे निदान होऊन उजव्या मनगटावर शस्त्रक्रिया झाली. ही पायरी तपशिलात पाहण्यासारखी आहे. कार्पल टनेलमध्ये, म्हणजे मनगटातल्या अरुंद वाटेत, दाबली जाते ती मीडियन नस. ती अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू सांभाळते. करंगळी तिच्या ताब्यात नाही. ती अल्नर नसेकडे आहे. करंगळी आणि अनामिका वाकवणारा खोल स्नायूही तिथूनच हुकूम घेतो. मनगटाचा त्रास त्यांना असेलही, पण ती दोन बोटे मुडपण्याचे स्पष्टीकरण तिथे मिळणे शक्य नव्हते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

हात थोडा सैल वाटला आणि पुनरागमन जाहीर झाले: १६ सप्टेंबर १९८२, बाल्टिमोरच्या नव्या मायरहॉफ सभागृहाचे उद्घाटन. ठरला होता बेटहोव्हनचा चौथा कॉन्चेर्टो. वाजवले मात्र सेझार फ्रांकचे ‘सिंफनिक व्हेरिएशन्स’. या बदलातच सगळे निदान लिहिलेले आहे. बेटहोव्हनचा चौथा अर्ध्या तासाहून मोठा आणि ऑर्केस्ट्राआधी एकट्या पियानोने सुरू होतो. पहिल्या काही मात्रा हळू आवाजातल्या साध्या स्वरगुच्छांच्या, पण प्रत्येक गुच्छाचा वरचा स्वर उजव्या करंगळीने इतरांपेक्षा किंचित उठून यायला हवा. जोर लावून चालत नाही, लपायला जागा नाही. पुढे सुरांच्या धावत्या माळा आणि ट्रिल आहेतच. फ्रांकची रचना पंधरा मिनिटांची. ऑर्केस्ट्रा सतत सोबतीला, जाड स्वरगुच्छ, दोन हातांत वाटून घेता येतील अशा जागा. श्रोत्यांनी सभागृह डोक्यावर घेतले, वर्तमानपत्रांनी विजय छापला. हात बरा नाही हे वाजवणाऱ्याला तेव्हाच कळलेले होते. पुढचे दोन हातांचे कार्यक्रम त्यांनी सोडून दिले आणि ते परत डाव्या हाताकडे वळले.

डावा हात

डाव्या हातासाठी लिहिलेले मोठे संगीत आपल्यापर्यंत आले ते मुख्यतः एका माणसामुळे. व्हिएन्नाचे पाउल व्हिटगेनस्टाइन यांनी पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावला. घर गर्भश्रीमंत, त्यांनी त्या काळच्या नामवंतांना पैसे देऊन रचना लिहवून घेतल्या. राव्हेलचा डाव्या हाताचा कॉन्चेर्टो (१९२९-३०), प्रोकोफिएव्हचा चौथा (१९३१), ब्रिटनचे ‘डायव्हर्शन्स’ (१९४०), कोर्नगोल्डची रचना, ही सारी त्यांची मागणी. प्रोकोफिएव्हचा कॉन्चेर्टो त्यांनी कधी वाजवलाच नाही. एकल वादनासाठी आधीच्या काळातले बाखच्या ‘शाकोन’ या व्हायोलिनच्या रचनेचे ब्राम्सने केलेले डाव्या हाताचे रूप होते, स्क्रियाबिनचे ओपस ९ होते. स्क्रियाबिननेही ते उजवा हात अतिसरावाने दुखावल्यावरच लिहिले.

एक हात कमी म्हणजे निम्मे संगीत, असे ऐकणाऱ्याला वाटते. राव्हेल ऐकताना तसे वाटत नाही, त्यामागे तंत्र आहे. डाव्या हाताची रचनाच इथे कामी येते. अंगठा, म्हणजे सर्वांत दणकट बोट, वरच्या बाजूला असते, त्यामुळे चाल अंगठ्याने गाता येते आणि खालची चार बोटे बाकीचा भार उचलतात. उजव्या हाताने एकट्याने वाजवायचे तर चाल दुबळ्या करंगळीवर पडली असती. एकट्या उजव्या हातासाठी फारसे कोणी लिहीत नाही त्याला हेही एक कारण. दुसरा आधार पायाखालच्या पेडलचा. खर्जातला स्वर मारायचा, पेडलने धरून ठेवायचा, आणि तो विरण्याआधी हात दोन-तीन सप्तके वर नेऊन चाल घ्यायची. पेडल पूर्ण सोडले तर खर्ज तुटतो, पूर्ण धरले तर वरचे स्वर चिकटून गढूळ होतात. म्हणून ते अर्धवट, पाव एवढे उचलून पुन्हा दाबत राहावे लागते. बैठकही बदलते: बाकावर नेहमीपेक्षा उजवीकडे सरकून बसायचे, म्हणजे वरच्या पट्ट्यांकडे जाताना डावा हात छातीसमोर अडकत नाही; उजव्या हाताने बाकाची कड धरली की तोल राहतो. आणि धोकाही उघड आहे. सगळी मेहनत एकाच हातावर. तोही बिघडला तर उरले काय? म्हणून सरावाचे तास दोन हातांच्या हिशेबाने ठेवून चालत नाहीत.

पण मुख्य अडचण तंत्राची नव्हे, भांडाराची. ऑर्केस्ट्राबरोबर फिरवता येतील अशा डाव्या हाताच्या मोठ्या रचना हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. दर हंगामात राव्हेल, पुन्हा राव्हेल. फ्लायशर यांनी दोन बाजूंनी वाट काढली. एक, नव्या रचना लिहवून घेतल्या. लुकास फॉस आणि लिऑन किर्शनर यांनी त्यांच्यासाठी लिहिले. विल्यम बोल्कम यांचे ‘गेया’ तर अजब आहे: फ्लायशर आणि ग्राफमन या दोघांसाठी डाव्या हाताचे दोन स्वतंत्र कॉन्चेर्टो, आणि ते दोन्ही एकाच वेळी वाजवले की तिसरा. १९९६ मध्ये बाल्टिमोरला तो सादर झाला. दोन, वादनाबाहेरचे काम वाढवले. १९६० च्या दशकाअखेरीस वॉशिंग्टनमध्ये थिएटर चेंबर प्लेयर्स ही मंडळी उभी केली. १९७० मध्ये अ‍ॅनापोलिस सिंफनीचे संचालन, १९७३ पासून बाल्टिमोर सिंफनीत सहसंचालक. १९८६ ते १९९७ टँगलवुड संगीत केंद्राचे कलासंचालक. संचालकाची छडी धरायला करंगळी लागत नाही.

शिकवण्यावर झालेला परिणाम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पूर्वी विद्यार्थ्याचे चुकले की त्याला बाजूला सारून स्वतः वाजवून दाखवता येई. ते बंद झाल्यावर काय हवे ते शब्दांत सांगावे लागले, म्हणजे आधी स्वतःला नेमके उमजावे लागले. आपण त्यामुळे चांगले शिक्षक झालो, असे ते म्हणत. आन्द्रे वॉट्स, येफिम ब्रॉन्फमन, जोनाथन बिस ही त्यांच्या शिष्यांतली काही नावे.

१९९५ आणि पुढे

फोकल डिस्टोनिया हे निदान शेवटी पक्के झाल्यावर दोन उपाय जोडीने लागू पडले. पहिला रोल्फिंग: खोलवर दाब देऊन स्नायूंभोवतीचे आवरण सैल करण्याची मालीश. तीस वर्षे आवळून राहिलेला कोपराखालचा हात दगडासारखा झाला होता. तो मऊ झाल्याखेरीज पुढचे शक्य नव्हते. दुसरा बोटॉक्स, बेथेस्डा इथल्या अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या प्रयोगात.

इंजेक्शन बोटात देत नाहीत. बोट वाकवणारे स्नायू कोपराखाली असतात, आणि एकाच स्नायूत प्रत्येक बोटाचा वेगळा पट्टा असतो. सुईवाटे स्नायूचे विद्युत संकेत पाहत नेमका पट्टा शोधायचा आणि अगदी थोडे औषध सोडायचे, एका जागी बहुधा ५ ते २० युनिट. औषध मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा रासायनिक निरोप अडवते. परिणाम काही दिवसांत दिसू लागतो, दोन ते सहा आठवड्यांत कळसाला जातो आणि तीनेक महिन्यांत ओसरतो. कार्यक्रमांच्या तारखा या चढउताराशी जुळवून घ्याव्या लागतात. डोस जास्त झाला किंवा शेजारच्या पट्ट्यात झिरपला तर चांगले बोटही लुळे पडते. सगळ्यात घातक चूक म्हणजे मूळ बिघडलेले बोट कोणते आणि सावरायला धडपडणारे कोणते हे न ओळखणे. सावरणाऱ्या बोटालाच इंजेक्शन दिले तर हात होता त्याहून वाईट होतो. हे ओळखायचे तर रुग्णाला वाद्यावर बसवून, संथ लयीत, सुरावटीची एकेक पायरी वाजवायला लावून पाहावे लागते. काही ठिकाणी पातळ रबरी हातमोजा घालून वाजवायला सांगतात. स्पर्श बदलल्याबरोबर बोट सुटले, तर बिघाड संवेदनेच्या नकाशात असल्याची ती चांगली खूण असते.

बोटॉक्स मेंदूतला गोंधळ निस्तरत नाही. चुकीचा हुकूम येतच राहतो, स्नायू तो पूर्ण पाळू शकत नाही, इतकेच. म्हणून ‘बरे झाले’ हा शब्द इथे बसत नाही, आणि फ्लायशरही तो वापरत नसत. १९९५ मध्ये ते दोन हातांनी व्यासपीठावर आले ते मोझार्टचा ए मेजर कॉन्चेर्टो, के. ४१४, घेऊन. १९८२ च्या तुलनेत ही निवड जाणत्याची होती: छोटा ऑर्केस्ट्रा, पातळ पोत, सप्तकांचे हातोडे नाहीत, हात फार ताणावा लागत नाही. ज्या जागी करंगळी दगा देईल तिथे बोटांची मांडणी बदलायची, एखादा स्वर डाव्या हाताकडे सरकवायचा, लय अर्ध्या पावलाने रोखायची, असे ते काम होते.

२००४ मध्ये दोन हातांनी वाजवलेली त्यांची पहिली नवी एकल तबकडी चाळीसेक वर्षांनी निघाली. तिच्यातली मुख्य रचना शुबर्टचा शेवटचा, बी फ्लॅट मेजर सोनाटा, डी. ९६०. तबकडी ऐकताना कुठे कुठे उजव्या हाताची सावध पावले जाणवतात. मला ती दोषासारखी वाटत नाहीत, पण ती नाहीतच असे म्हणणे भक्तांचे काम.

त्याच वर्षी डिसेंबरात बर्लिन फिलहार्मोनिक आणि संचालक सायमन रॅटल यांच्याबरोबर त्यांनी एका डाव्या हाताच्या रचनेचा जगातला पहिला प्रयोग केला. हिंडेमिटने १९२३ मध्ये व्हिटगेनस्टाइनसाठी लिहिलेली ही रचना. मागवणाऱ्याला ती न आवडल्याने तिने कधी व्यासपीठ पाहिले नव्हते, आणि हस्तलिखित व्हिटगेनस्टाइनच्या पत्नीच्या मृत्यूनंतर अमेरिकेतल्या घरात सापडले. फ्लायशर तेव्हा शहात्तर वर्षांचे होते. उजवा हात परत आला म्हणून डाव्याचे भांडार त्यांनी बाजूला टाकले नाही. बाख-ब्राम्सचे ‘शाकोन’ दोन हातांच्या रचनांशेजारी त्यांच्या कार्यक्रमांत राहिले. इंजेक्शने चालूच होती. २ ऑगस्ट २०२० रोजी बाल्टिमोरमध्ये, ९२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पीबॉडीतले शिकवणे अखेरच्या काळापर्यंत सुरू होते.